मुकं वाचन

आमच्या रायपूरच्या घरात मुकं वाचायची चाल नव्हती. वाचायचं म्हणजे मोठ्यानं, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मनातल्या मनात वाचणाऱ्या माणसाचा आईला संशयच यायचा, हा नक्की काहीतरी लपवतोय म्हणून. सकाळचा हिंदी पेपर, विजेचं बिल, लग्नाच्या पत्रिका, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, श्रावणातली पोथी आणि रविवारी मुद्दाम घेतलेला इंग्रजी पेपर, हे सगळं घरात मोठ्यानं वाचलं जायचं, आणि वाचायचा तो माझा मोठा भाऊ, प्रमोददादा. कारण बाबांना दिसत नव्हतं. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली होती. आधी बाजूनं येणारी सायकल दिसेना, मग ताटातली चटणी दिसेना, आणि शेवटी समोर कोणीतरी उभं आहे एवढंच कळायला लागलं. दादा चौथीत असताना एका सकाळी त्यांनी पेपर त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "वाच रे बेटा, आज डोळे दुखून राहिले." ते डोळे पुढं रोजच दुखले, आणि दादा घरचा वाचणारा झाला.

बरं, वाचायचा तरी कसा! हेडमास्तरानं नोटीस वाचावी तसं नाही. बातमी चोरीची असली की आवाज खाली यायचा, मंत्र्याच्या भाषणाची असली की थोडा फुगायचा, आणि कुणी गेल्याची असली की इतका साधा व्हायचा की आई पोळी लाटता लाटता डोळे पुसायची. शेजारच्या मामी छत्तीसगढी बाई, त्यांना मराठी येत नसे, पण श्रावणात आमची पोथी सुरू झाली की सूप घेऊन ओट्यावर येऊन बसत. "समझ मा कुछु नइ आवय बाबू, फेर बने लागथे," म्हणायच्या. शब्द कळत नाही, पण बरं वाटतं. बाबा तर नायलॉनच्या पट्ट्यांच्या खुर्चीत मान थोडी तिरपी करून बसत आणि दादानं एखादा शब्द गिळला की लगेच हात वर करत. त्या हाताला दादा सोडून कोणी भीत नसे.

मी मात्र मुकी वाचणारी निघाले. मला वाचून दाखवायला कोणी सांगितलंच नाही हो, एक पोरगा आहे म्हटल्यावर पोरीचा आवाज कशाला हवा! मग मी आपली पलंगाच्या आणि कपाटाच्या मधल्या फटीत बसून, ओठ न हलवता, भराभर पानं उलटायची. आई मला शोधत यायची आणि कपाळाला हात लावायची. "ही पोट्टी पुस्तक वाचून राहिली का चाटून राहिली? आवाजच नाही!" घरात माझ्या वाचण्याला वाचणं म्हणतच नसत. आणि त्यामुळं त्याचा उपयोग काही होईल असं कुणाच्या, अगदी माझ्याही डोक्यात कधी आलं नाही.

बाबा गावाबाहेर उरल्याला एका सळयांच्या कारखान्यात टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खात्यात होते, नजर अधू होत गेली तरी काम कसंबसं रेटत. नजर पार गेली तेव्हा सेठ भला माणूस, म्हणाला, पोट्ट्याला पाठवा. दादा नुकताच बारावी झालेला. बाबांना वाटलं, आपली खुर्ची त्याला मिळेल. खुर्ची सेठच्या भाच्याला मिळाली आणि दादाला मिळालं लोडिंग, म्हणजे ट्रकांवर सळयांचे भारे चढवून घ्यायचे, दिवसभर त्या खणखणाटात उभं राहायचं. संध्याकाळी तो सायकलवरून यायचा तेव्हा भुवयांवर काळी भुकटी बसलेली असायची. नाक शिंकरलं तरी काळं. मागच्या मोरीत तो आंघोळीला बसला की आधी काळं पाणी यायचं, मग करडं, मग पांढरं, आणि पांढरं येईपर्यंत आई तवा तापवायची नाही. बाबांना ते पाणी दिसत नव्हतं, पण वास येत होता. ते एकदाच म्हणाले, "माह्या डोळ्यानं याचा जन्म उरल्यात जाईन." तसं त्यांनी म्हटलं त्याच दिवसापासून, मला वाटतं, त्यांच्या डोक्यात वकिली शिरली.

त्या वेळी रायपूर नवं नवं राजधानी झालं होतं. रातोरात लाल दिव्याच्या गाड्या आल्या, शंकर नगरातल्या बंगल्यांवर ऑफिसांच्या पाट्या लागल्या, भोपाळहून आलेले बाबू लोक घरं शोधत फिरू लागले, आणि जिकडेतिकडे क्लासचे बोर्ड. कालपर्यंत ज्या गावात पोरांनी नागपूर गाठलं तरी पेढे वाटत, तिथं आता दिल्ली-बेंगळुरूच्या गोष्टी सुरू झाल्या. अशातच बाबांना कुणीतरी सांगितलं की बारावीनंतर थेट पाच वर्षांचा वकिलीचा कोर्स असतो, एक परीक्षा देऊन जाता येतं, आणि पोरगा हुशार निघाला तर फी माफ होते. झालं! बाबा उठून बसले. "प्रमोदचा आवाज कोर्टाचाच आहे," ते आईला म्हणाले. "जज्ज लोक पंखा बंद करून ऐकतीन." मी त्या वर्षी बारावीला होते, म्हणून माझाही फॉर्म भरला गेला, सोबत म्हणून. सोबत म्हणूनच, बरं का. दादा परीक्षेला चाललाय, एकटा कशाला, रंजीही बसेल.

परीक्षेत इंग्रजी उताऱ्यांचा मोठा भाग असायचा. एक लांब उतारा द्यायचा आणि खाली प्रश्न, लेखकाला काय म्हणायचंय, अमुक वाक्याचा रोख कुणावर आहे, लेखकाचा सूर कसला आहे. शंकर नगरातल्या एका क्लासच्या पोरीकडून मी सरावाचं जुनं पुस्तक आणलं, कव्हर फाटलेलं, पुढची काही पानं गेलेली. आणि मग आमच्या घरी उताऱ्यांचं पर्व सुरू झालं. दादा पहिली पाळी करून यायचा, आंघोळ करायचा, उन्हाळा असल्यानं बहुतेक बासीच खायचा, म्हणजे सकाळचा पाण्यात घातलेला भात, वर कांदा, लाल टमाट्याची चटणी आणि आईनं तळलेला एखादा सांडगा. ताट बाजूला सारलं की बाबा म्हणायचे, "हं. आण तो इंग्रजीवाला." कूलर फार खडखडायचा म्हणून तो बंद करायचा, घामानं भिजत सगळ्यांनी बसायचं, आणि दादा वाचायला लागायचा.

काय काय वाचलं त्यानं! कुठल्याशा बेटावरचे न उडणारे पक्षी, खाणीत जुंपलेले घोडे, चहा पिणाऱ्या बायकांवर वैतागलेला कुणी जुना साहेब, शहरांमधून हरवत चाललेला अंधार. मामींसाठी मी मधूनमधून हिंदीत सांगायची. घोड्यांचा उतारा झाला त्या दिवशी मामी "अई, बिचारा मन!" म्हणजे बिचारे गं ते, असं म्हणत उठल्या आणि दुसऱ्या दिवशी विचारायला आल्या, त्या घोड्यांना बाहेर काढलं का? उताऱ्याला पुढं काही नसतं, तो तिथंच संपतो, हे काही केल्या त्यांना पटेना.

मग मी प्रश्न वाचायची. दादा डोळे मिटून उत्तर द्यायचा, बाबाही आपलं उत्तर लावायचे आणि आई स्वयंपाकघरातून तिसरंच काहीतरी.

"लेखकाचा सूर कोणता? चिंतेचा, उपहासाचा, तटस्थ का कौतुकाचा?"

"चिंतेचाच असन," आई आतून. "लिहायले बसला म्हणजे काही त चिंता असनच बिचाऱ्याले."

"तटस्थ," बाबा म्हणायचे. "साहेबाचा सूर नेहमी तटस्थ राहते."

"नाही बाबा, मस्करी करून राहिला तो. हे पुन्हा ऐका." आणि दादा तेच वाक्य परत वाचायचा, कुठंतरी एका शब्दावर जरासं रेंगाळून, आणि एकदम आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचं की अरे, हा साहेब तर हसतोय या बायकांना! बाबा मांडीवर थाप मारायचे. "काय पकडलं पोट्ट्यानं! रंजे, तू काय लिवलं होतं?" मी तटस्थ लिहिलेलं असायचं. सुराच्या प्रश्नात मी नेहमी गोते खायची. दादाचं एकही उत्तर चुकायचं नाही, मला तर कधी कधी वाटायचं की उतारा लिहिणाऱ्यापेक्षा यालाच जास्त कळतंय. मी त्याला विचारलं होतं, तू ओळखतो कसं? तर म्हणाला, "मी कुठं ओळखतो? आवाजात ऐकू येते न ते."

आता मी स्वतः कोर्टात उभी राहते, निकालपत्रं वाचते, ज्युनिअर पोरापोरींना वाचायला देते. ती पोरं स्क्रीनवर बोट सरकवत इतक्या वेगानं वाचतात की मला गरगरतं. पण आजही एखादा निकाल वाचून न्यायमूर्तींना नेमकं काय म्हणायचंय ते कळेना झालं की मी दार लावून घेते आणि तो परिच्छेद मोठ्यानं वाचते. तेव्हा कळतं.

परीक्षेचं केंद्र एका शाळेत होतं. फॉर्म सोबत भरलेले, त्यामुळं दादाचा नंबर माझ्या अगदी पुढचा. तो माझ्या समोरच्या बाकावर, मी मागे. आईनं दोघांना दही-साखर दिली होती, बाबांनी दादाच्या गळ्याला हात लावून पाहिला होता, घसा बसला तर नाही म्हणून. हसू येतं आणि रडूही येतं मला त्याचं. लेखी परीक्षेला चाललेल्या पोराचा घसा तपासत होते ते, आणि आमच्यापैकी एकालाही, एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही! आईनं तर खडीसाखरेची पुडी दिली होती खिशात.

पेपर वाटले. खोलीत पंख्यांचा आवाज आणि कागदांची सळसळ. मी पहिल्या उताऱ्यात डोकं घातलं, आणि समोरून गुणगुण सुरू झाली. दादा वाचत होता. मोठ्यानं नाही, त्याच्या हिशेबानं अगदी हळू, पण त्या शांततेत ते सगळ्या खोलीला ऐकू जात होतं. दोनतीन पोरं वळून पाहायला लागली. पर्यवेक्षक मॅडम जवळ आल्या, चांगल्या बोलल्या हो त्या, "भैया, मन में पढ़ो." दादा "हव मॅडम" म्हणाला. थोडा वेळ शांत. मग पुन्हा ती गुणगुण. त्याला स्वतःला ते कळतच नव्हतं, श्वास घेतल्यासारखं ते यायचं. पलीकडच्या मुलीनं हात वर केला. मॅडम परत आल्या. "क्यों बुदबुदा रहे हो? दूसरों को दिक्कत हो रही है. मुँह बंद करके पढ़ो!" तिसऱ्या वेळी त्यांनी त्याचा पेपर उचलला, मला वाटलं संपलं सगळं, पण त्यांनी त्याला आपल्या टेबलासमोरच्या बाकावर नेऊन बसवलं आणि स्वतः त्याच्याजवळ उभ्या राहिल्या.

मला तिथून त्याची पाठ दिसत होती. त्यानं खिशातून रुमाल काढला, त्याची घडी केली आणि दातांत धरली. मान खाली घातली. उरल्याला मणामणाचं लोखंड चढवून घेणारा माझा भाऊ, तोंडात रुमाल धरून एका कागदाकडं बघत बसला होता. बराच वेळ त्यानं पान उलटलं नाही. मी माझा पेपर सोडवला. भराभर सोडवला, आयुष्यभर फटीत बसून वाचलं तसा. माझे डोळे ओळींवरून धावत होते आणि आतून मी नुसती रडत होते.

बाहेर आल्यावर दादानं मला उसाचा रस पाजला. रुमाल कुठं गेला मी विचारलं नाही.

निकाल लागला. माझं नाव होतं, दादाचं नव्हतं. आईनं माझ्या तोंडात साखर घातली आणि दादाकडं बघत तशीच उभी राहिली. बाबांना काही केल्या उमगेना. "असं कसं होईन? याचं त एकही उत्तर चुकत नव्हतं!" दादानं वातावरण हलकं करायला म्हणून, त्याच्या त्या वाचायच्या आवाजात, मॅडमची नक्कल करून सगळा किस्सा सांगितला. "म्हणे मुँह बंद करके पढ़ो! आता सांग आई, तोंड बंद करून कोणी वाचते काय?" आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मामी हसल्या. मीही हसले. बाबा हसले नाहीत.

"तुले मनात नाही वाचता येत?" त्यांनी विचारलं.

"नाही जमत बाबा. अक्षरं दिसते, पण ऐकूच नाही येत."

"कधीच नाही वाचलं मनात?"

दादा विचारात पडला. खरंच आठवून पाहत होता बिचारा. "कधी वाचू?" तो म्हणाला. "तुमी त ऐकत राहायचे न."

त्यात दादाच्या मनात काही नव्हतं, मी शपथेवर सांगते. त्यानं सरळ विचारलेल्याचं सरळ उत्तर दिलं. पण बाबांचा चेहरा उतरला तो मी पाहिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, पोट भरलंय म्हणाले.

मी होस्टेलला गेले. कॉलेज शहराबाहेर, पुढं जिकडं नवं रायपूर वसलं त्या बाजूला. रुंद रस्ते, माणूस नाही, आणि बस आली तर आली. त्यामुळं माझं घरी येणं कमी झालं. कॉलेजात मला सगळे शहाणी समजायचे आणि मला माझ्या खोलीत पुस्तक उघडलं की उरल्याची धूळ आठवायची. वयाच्या अटीत दादाला आणखी एकच वर्ष बसत होतं. तो परत फॉर्म भरणार हे मला माहीत होतं, तयारी कशी चाललीय ते मात्र कोणी सांगत नव्हतं. फोनवर आई नुसती म्हणायची, "करून राहिला अभ्यास. तू तुहं पाह्य."

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी संध्याकाळी मी न सांगता घरी पोचले. ओट्यावर चपला काढताना मला चमत्कारिक वाटलं. घरात आवाज नव्हता. दिवा लागलेला, माणसं घरात, आणि आवाज नाही. असं आमचं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं. आत गेले तर दादा चटईवर मांडी घालून बसलेला, पुढ्यात तेच उताऱ्यांचं पुस्तक. बाबा खुर्ची सोडून खाली, त्याच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून. आणि बाबांच्या उजव्या हाताचं बोट दादाच्या ओठांवर होतं.

दादानं डोळ्यांनीच मला बस म्हटलं. मी उभीच राहिले. तो वाचत होता. नजर ओळीवरून सरकायची, मध्येच ओठ जरा हलायचे, की बाबा बोट दाबायचे आणि म्हणायचे, "हललं." दादा मागच्या ओळीवर जायचा. पुन्हा सुरू. "हललं." पुन्हा मागे. रागावून नाही, लहान पोराला चालायला शिकवताना धरतात तितक्या हळुवारपणे. इतकं वाचलेलं बाबांना काही ऐकू येत नव्हतं. पक्षी होते का घोडे होते, त्यांना काही कळत नव्हतं. अंधारात बसून ते नुसते पोराचे ओठ राखत होते.

आईनं मला मागच्या अंगणात नेलं. "रोज हेच," ती म्हणाली. "निकाल लागला तेव्हापासून. पेपर बंद केला घरचा. पोथीही नाही लावली या श्रावणात, म्हणते त्याची सवय मोडन. मी म्हटलं मी वाचून दाखवतो मोडकंतोडकं, त नको म्हणते. म्हणते, मी ऐकतो म्हणून त्याले बोलावं लागते." तिनं नाक ओढलं. "दिवसभर ते खुर्चीत बसून राहते रंजे. बाहेर काय चाललं, कोण मेलं, कोण जिवंत, काही माहीत नाही त्यायले. मामी इचारतात, बाबू आजकल पढ़य नइ का? काय सांगू त्यायले मी?"

मी त्या रात्री बाबांजवळ बसून म्हटलं, बाबा, मी वाचू का काही? तुमच्यासाठी? आयुष्यात पहिल्यांदा विचारलं मी. ते हसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "नको बेटा. घरात एकदा आवाज सुरू झाला का त्याचे ओठ हलते." आणि मग थोड्या वेळानं, माझ्याशी नाही, आपल्याशीच, "मीच बिघडवला त्याले. माह्या दोन डोळ्यांसाठी त्याचे डोळे वापरले मी." नाही म्हटलं असतं तर खोटं झालं असतं, आणि हो म्हणायला माझी जीभ झडली असती.

उन्हाळ्यात परीक्षा झाली. या वेळी मी दादाला सोडायला गेले आणि फाटकासमोरच्या झाडाखाली उभी राहिले, बाकीच्या आईबापांच्या घोळक्यात. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. पोरं भराभरा बाहेर आली, आपापसात उत्तरं ताडून पाहत गेली. दादा शेवटी आला, हळूहळू, शर्ट पाठीला चिकटलेला. मी पळत गेले. "गुणगुण झाली का?"

"नाही," तो म्हणाला. "पूर्ण टाइम ओठ बंद होते. कोणी काही नाही बोललं मले."

"मग? चांगला गेला?"

तो सायकलचं कुलूप काढायला वाकला आणि वाकूनच म्हणाला, "सगळं ध्यान ओठावरच होतं रंजी. बंद आहे का, बंद आहे का, तेच पाहत राहिलो. उतारा कशावर होता इचारशीन त सांगता नाही येणार." मग सरळ उभा राहून माझ्याकडं बघितलं. "बाबाले नको बोलू. बाबाचं मी पाहतो."

दादा पुढं उरल्यातच राहिला, लोडिंगचा सुपरवायझर झाला, त्याचं लग्न झालं, पोरं झाली, लोक त्याला मान देतात. कुणी बिचारा म्हणावं असं त्याचं काही झालं नाही, आणि म्हटलेलं त्याला खपतही नाही. पण त्याला वाचताना ज्यांनी ऐकलंय त्यांतली आता मी एकटी उरले आहे, आणि मला ठाऊक आहे काय गेलं ते. लोकांना वाटतं वकिली गेली.

त्या दुसऱ्या परीक्षेचा निकाल त्यानं पाळीवरून येताना सायबर कॅफेत पाहिला. मी सुट्टीला घरीच होते. तो आला, मोरीत गेला, बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मग ओल्या केसांनी बाबांच्या खुर्चीसमोर येऊन चटईवर बसला.

"नाही झालं बाबा."

आतला झारा थांबला. बाबा सावकाश म्हणाले, "ओठ हलले काय रे?"

"नाही. एकदाबी नाही हलले."

"मग कशानं गेलं?"

"गणितानं मारलं. अन् ते जनरल नॉलेज. अभ्यासच नव्हता केला मी त्याचा." दादा असा भरभर बोलत नसे कधी. "इंग्रजी त एकदम मस्त गेलं बाबा. उतारा सोपाच होता. पटापट झालं सगळं. तुमी शिकवलं तसंच वाचलं."

"म्हणजे वाचण्यापायी नाही गेलं?"

"नाही न! वाचण्याचा काही संबंधच नाही."

बाबांनी मान हलवली. त्यांचा खांदा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल पडलेला मी पाहिला, आणि मला वाटलं, सुटलो. आईनं दारातून माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात बाबा, सहज, जुन्या आवडीनं म्हणाले, "कशावर होता रे उतारा?"

दादानं तोंड उघडलं. वाचलेला कुठलाही उतारा अथपासून इतिपर्यंत सांगणारा माझा भाऊ. "नद्यांवर," तो म्हणाला.

"वा! कोणत्या नद्या?"

दादा चटईच्या कडेची काडी सोलत राहिला. बाबा वाट पाहत राहिले, मान तिरपी करून. मीच काहीतरी बोलावं म्हणून शब्द शोधत होते, गंगा म्हणू का महानदी म्हणू. बाहेर मामी कोंबड्यांना हाकत होत्या तेवढं ऐकू येत होतं. मग बाबांनी हात पुढं केला, चाचपत दादाचं ओलं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

"बरं झालं लेका, तू वकील नाही झाला," ते म्हणाले. "तुले खोटं बोलता येत नाही."